पडदा आला, शिकविणे कोठे आहे?



महाविद्यालयाची वर्गखोली गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदललेली तुम्हांस दिसेल. जेथे काळा फळा होता तेथे पांढरा पडदा आला आहे. छताला प्रोजेक्टर टांगलेला आहे, दारावर ‘स्मार्ट क्लासरूम’ अशी पाटी आहे, आणि या सर्वांची छायाचित्रे प्रवेशपुस्तिकेत छापलेली आहेत. फी भरताना पालकांच्या मनावर या गोष्टींचा परिणाम होतो, आणि तो व्हावा म्हणूनच त्या तेथे छापलेल्या असतात. परंतु तास संपवून बाहेर आलेल्या विद्यार्थ्याला विचारा की, आज वर्गात काय झाले? पुष्कळ ठिकाणी तो हेच सांगेल की, सरांनी पडद्यावरची वाक्ये वाचून दाखविली आणि आम्ही ती उतरवून घेतली. पूर्वी सर वहीतून वाचत असत, आता पडद्यावरून वाचतात. वही पिवळी पडत असे. पडदा पिवळा पडत नाही, एवढाच काय तो फरक.

या स्थितीविषयी मी तुमच्याशीच बोलू इच्छितो, कारण तिची झळ सर्वांना सारखी बसत नाही. ज्या घरात आजोबा वकील, वडील प्राध्यापक आणि मावशी डॉक्टर आहे, त्या घरातील मुलाला वर्गात काही मिळाले नाही तरी त्याचे फारसे अडत नाही. कोणते पुस्तक वाचावे, कोठे शोधावे, कोणाला भेटावे हे त्याला जेवताजेवता कळते. आपल्या घरांची गोष्ट निराळी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिली किंवा फार तर दुसरी पिढी आहे. वर्गात जे मिळणार नाही ते तिला घरी मिळण्याची सोय नाही. म्हणून निकृष्ट अध्यापन हे काही मुलांना केवळ कंटाळवाणे वाटते आणि आपल्या मुलांचे त्यामुळे कायमचे नुकसान होते. माझे म्हणणे असे आहे की, विद्यापीठातील शिकविण्याचा दर्जा आज ज्या गोष्टीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे ती म्हणजे शिक्षकाची डिजिटल साक्षरता होय, आणि ती मागून घेण्याचा अधिकार विद्यार्थ्याला व पालकाला आहे. शिकविण्याला ‘विद्यादान’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. मला तो शब्द कधीच रुचला नाही. दान घेणाऱ्याने दात्याला हिशेब विचारावयाचा नसतो. पगार घेऊन केलेल्या कामाचा हिशेब मात्र अवश्य विचारता येतो.

साक्षरता या शब्दाचा अर्थ प्रथम नीट लावला पाहिजे. जुन्या काळी सही करता येणारा मनुष्य गावात साक्षर गणला जाई. परंतु खत वाचता येत नसल्यामुळे त्याच सहीने त्याची जमीन जात असे. अंगठ्याने जात होती ती सहीने गेली, इतकेच. मोबाईलवर बोटे चालविता येणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येणे, एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र जवळ असणे या गोष्टी त्या सहीसारख्या आहेत. त्या हव्यातच, पण त्यांना वाचता येणे म्हणत नाहीत. डिजिटल साक्षर मनुष्य तो की, ज्याला हवी ती माहिती तिच्या मूळ ठिकाणी जाऊन शोधता येते, सापडलेली माहिती कोणी, केव्हा व कशासाठी लिहिली हे पारखता येते, आणि तिच्या आधारे स्वतःचे काही मांडता येते. विद्यापीठातील शिक्षकाला याहून एक पायरी वर जावे लागते, कारण हे सारे त्याला दुसऱ्याच्या अंगी आणावयाचे असते. युरोपीय आयोगाने २०१७ साली शिक्षकांच्या डिजिटल क्षमतांचा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात सहा क्षेत्रांत विभागलेल्या २२ क्षमता आहेत. पडद्यावर साहित्य दाखविणे हा त्यांतील लहानसा भाग आहे; विद्यार्थ्याचे मूल्यमापन, प्रत्येकाला त्याच्या गतीने पुढे नेणे आणि विद्यार्थ्यालाही डिजिटल दृष्ट्या समर्थ करणे यांना तेथे स्वतंत्र क्षेत्रे दिलेली आहेत. आपल्याकडे मात्र पडदा लावला की काम पुरे झाले असे समजतात.

एक उदाहरण घेऊ, आणि ते तुमच्या घरातलेच घेऊ. धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मोबाईलवर अधूनमधून एक संदेश फिरत असतो की, बौद्ध झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती जातात, तेव्हा मुलाच्या प्रवेशाच्या वेळी जपून राहा. संदेश कोणी लिहिला हे कोणाला ठाऊक नसते. तो मामाकडून येतो, मामाला तो मित्राकडून आलेला असतो. घरात भीती पसरते. आता असे समजा की, त्या घरातली मुलगी राज्यशास्त्राच्या किंवा विधी शाखेच्या वर्गात बसलेली आहे आणि तिने हा प्रश्न तेथे विचारला. एका प्रकारचा शिक्षक म्हणेल की, हे परीक्षेला येत नाही. दुसऱ्या प्रकारचा शिक्षक त्याच पडद्यावर संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० उघडील, त्यातील तिसरा परिच्छेद वर्गाकडून मोठ्याने वाचवून घेईल, मूळ आदेशात तो कसा होता ते दाखवील, १९५६ च्या सुधारणेने त्यात शीख कसे आले आणि १९९० च्या सुधारणा अधिनियमाने बौद्ध कसे आले ते शब्दश: दाखवील. पाऊण तासाच्या त्या एका तासात तो वर्ग इतके शिकतो: मूळ दस्तऐवज म्हणजे काय, सुधारणा म्हणजे काय, तारखेशिवाय कायदा वाचणे का धोक्याचे असते, आणि मामाच्या मोबाईलवर आलेला मजकूर व राजपत्रात छापलेला मजकूर यांच्यात फरक काय. शिवाय ती मुलगी घरी जाऊन आईची भीती घालविते. केसपुत्तच्या कालामांनी भगवान बुद्धांपुढे ठेवलेला प्रश्नही याच जातीचा होता. निरनिराळे लोक येऊन निरनिराळे सांगतात, तेव्हा विश्वास कोणावर ठेवावा?

या दुसऱ्या शिक्षकाजवळ कोणतेही महागडे यंत्र नाही, हे ध्यानात घ्या. पहिल्या शिक्षकाजवळ होते तेच त्याच्याजवळ आहे.

माझ्या व्यवसायातलीही गोष्ट सांगतो. आम्ही विधी महाविद्यालयात होतो तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुळातून वाचावयाचा म्हणजे निकालपत्रांचे जाडजूड खंड मिळवावे लागत. ते एखाद्या नामांकित वकिलाच्या कार्यालयात किंवा वकील संघाच्या ग्रंथालयात कुलपात असत. ज्याच्या घरी ते होते तो निकाल वाचत असे आणि बाकीचे गाइड वाचत असत. आमचे एक सर निकालाचे नाव फळ्यावर लिहून देत, आणि त्यात न्यायालयाने काय म्हटले हे दोन ओळींत सांगत. त्या दोन ओळी त्यांनीही कोणत्या तरी गाइडातूनच घेतल्या होत्या, हे पुढे वकिली करताना कळले. आज काय स्थिती आहे? २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अधिकृत निकालपत्रांचा ई-एससीआर हा संग्रह सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. सुमारे ३४,००० निकाल तेव्हाच त्यात होते, आणि अनेक निकालांचे मराठी अनुवादही आता न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. संविधान सभेतील चर्चा दिवसवार वाचावयास मिळतात. बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे शासनाने काढलेले खंड मिळतात. मराठी विश्वकोश मिळतो. गडचिरोलीच्या मुलीला आणि मुंबईच्या धनिकाच्या मुलाला हे ग्रंथालय आज सारखेच उघडे आहे. असे यापूर्वी या देशात कधी झालेले नव्हते.

तरीही विद्यार्थी गाइडच वाचतात. का वाचतात? कारण दार उघडे आहे हे त्यांना कोणी दाखविलेले नाही, आणि आत गेल्यावर कोणत्या फडताळात हात घालावयाचा हेही कोणी शिकविलेले नाही. ३४,००० निकालांपुढे एकट्या उभ्या राहिलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला ते ग्रंथालय एखाद्या जंगलासारखे वाटते. तेथे त्याचा हात धरून पहिले दहा निकाल वाचविणारा मनुष्य लागतो. त्यालाच शिक्षक म्हणतात.

कोणी म्हणेल की, हे सर्व नव्या जमान्याचे विचार आहेत. मुळीच नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे १९२४ साली बाबासाहेबांनी आपले म्हणणे लेखी मांडले होते. परीक्षा घेऊन पदव्या देणे एवढ्यावर विद्यापीठाने समाधान मानू नये, प्रत्यक्ष शिकविण्याचे काम त्याने अंगावर घ्यावे, आणि शिकविणे व संशोधन यांची फारकत करू नये, असा त्यांचा आग्रह होता. जो स्वतः शोध घेत नाही तो दुसऱ्याला शोध घ्यावयास शिकवू शकत नाही, हे त्या आग्रहातून सरळ निघते. आज शोध घेण्याचे साधन बदलले आहे. मुद्दा शंभर वर्षांपूर्वी होता तोच आहे. बाबासाहेबांच्याच संदर्भात वर्गाला देण्याजोगा एक अभ्यास सुचवितो. त्यांच्या नावाने जे तीन शब्द घराघरांच्या भिंतींवर लिहिलेले असतात, त्यांचा क्रम १९४२ च्या नागपूरच्या परिषदेतील इंग्रजी भाषणात कोणता आहे, हे विद्यार्थ्यांनी मुळात जाऊन पाहावे. त्यांच्या नावावर मोबाईलमधून फिरणारी आणखी पाच वचने घ्यावीत आणि ती शासनाच्या खंडांत सापडतात का ते शोधावे. जी सापडणार नाहीत ती पुढे पाठविणे थांबवावे. आपल्या समाजाच्या मुलांना याहून चांगला पहिला धडा मला तरी सुचत नाही.

आता साधन आले पण साक्षरता आली नाही म्हणजे काय अनर्थ होतो, याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण पाहा. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. उत्तरपत्रिकांची संख्या १७ लाखांहून अधिक होती. त्या स्कॅन करावयाच्या, संगणकावर चढवावयाच्या, आणि प्राध्यापकांनी आपापल्या केंद्रावर बसून त्या उघडून गुण द्यावयाचे, अशी योजना होती. योजनेत वाईट काहीच नव्हते. गुणांची बेरीज चुकत नाही, उत्तरपत्रिका गहाळ होण्याचा संभव कमी होतो, परीक्षकाला विद्यार्थ्याचे नाव-गाव दिसत नाही. आपल्या मुलांच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट लहान नाही. परंतु हजारो परीक्षकांना पुरेसा सराव न देता, सर्व शाखांना एकाच सत्रात हे जोखड लावण्यात आले. परिणाम सर्वांना ठाऊक आहे. उत्तरपत्रिका एकमेकींत मिसळल्या, काही सापडेनात. तपासणी उरकावी म्हणून चालू वर्गांचे तास बंद ठेवावे लागले, इतर विद्यापीठांतील प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली. १ मार्च २०१७ पासून नव्यानेच अमलात आलेला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा निकाल फार तर ४५ दिवसांत लावावा असे सांगतो. येथे निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, आणि मागे राहिलेल्यांत विधी शाखा होती. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

कुलगुरू गेले; ज्यांचे पुढील शिक्षणाचे प्रवेश हुकले त्या विद्यार्थ्यांचे वर्ष काही परत आले नाही. ज्याच्या बापाजवळ पैसा होता त्याचे एक वर्ष गेले. ज्याच्या बापाजवळ नव्हता त्याचे पुष्कळदा शिक्षणच गेले. येथे एक गोष्ट विसरू नका. पडद्यावर तपासण्याची तीच पद्धत विद्यापीठात पुढेही चालू राहिली आणि प्राध्यापकांच्या हाताला ती बसत गेली. तेव्हा दोष यंत्रावर टाकून मोकळे होता येणार नाही. माणसांना शिकविण्यासाठी जो वेळ द्यावयास हवा होता तो दिला गेला नाही, आणि त्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली.

प्राध्यापकांची बाजूही मी सोडू इच्छित नाही. वकिलाला दोन्ही बाजू वाचाव्या लागतात. आज कितीतरी महाविद्यालयांत मंजूर पदे रिकामी आहेत आणि तास घेणारा शिक्षक तासिका तत्त्वावर नेमलेला आहे. त्याला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. तासाच्या तयारीसाठी तो घरी जे तीन तास घालवील त्यांचे मिळत नाहीत. मूळ निर्णय शोधणे, विद्यार्थ्यांनी पाठविलेले लेखन वाचून त्यावर शेरा लिहिणे, ही तयारीची कामे आहेत. एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयाकडे एसटीने धावणाऱ्या माणसाकडून ती कशी व्हावी? कायम प्राध्यापकांसाठी प्रशिक्षणाची सोय आहे. २०२३ पासून मालवीय मिशन या नावाने ती नव्याने चालविली जात आहे. परंतु प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र पदोन्नतीच्या फाईलला लागते, म्हणून पुष्कळांचे लक्ष प्रशिक्षणाकडे कमी आणि प्रमाणपत्राकडे अधिक असते. दुसरीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमातील एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरील ऑनलाइन पाठांतून मिळविता येतात. चांगल्या शिक्षकाच्या हाती ही सोय सोने आहे. रिकाम्या पदाच्या जागी ध्वनिचित्रफीत बसविण्याची पळवाट म्हणून जर ती वापरली गेली, तर मात्र तिला विरोध केला पाहिजे. चित्रफितीला प्रश्न विचारता येत नाही.

मराठी माध्यमातून शिकणाऱ्यांची एक अडचण फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. आपल्या प्राध्यापकांची मराठी टिपणे कित्येकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली असतात. ती दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा उकिरडा दिसतो. नाही तर पुस्तकाच्या पानांचे वाकडेतिकडे फोटो काढून त्यांची पीडीएफ पाठविलेली असते. तिच्यात एक शब्दही शोधता येत नाही, आणि अंध विद्यार्थ्याचे वाचन-यंत्र तिच्यापुढे मुके होते. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला शोधता येण्याजोगा मजकूर आणि मराठी माध्यमाच्या मुलाला चित्र, असा हा भेद आहे. तो दूर करावयास पैसा लागत नाही. युनिकोडमध्ये टंकन शिकण्यास चार दिवस लागतात.

आता घरातल्या गोष्टीकडे वळतो. शिक्षक कितीही चांगला असला तरी विद्यार्थ्याच्या हाती साधन नसेल तर काय उपयोग? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या शिक्षणविषयक फेरीत ग्रामीण भागातील ४.४ टक्के घरांत संगणक आढळला, शहरात २३.४ टक्के. मधल्या काळात मोबाईल घरोघर गेले, पण संगणकावर बसून दहा पानांचा निबंध लिहिणे आणि हातभर मोबाईलवर बोटाने लिहिणे यांत जे अंतर आहे ते राहिलेच. आणि मोबाईल तरी घरात कोणाच्या हाती असतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ५७.१ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते; स्त्रियांत हे प्रमाण ३३.३ टक्के होते. हा आकडा सरकारने किंवा विद्यापीठाने एकट्याने निर्माण केलेला नाही. तो घरात तयार होतो. मुलाला मोबाईल घेऊन देतो आणि मुलगी ‘बिघडेल’ म्हणून तिच्या हातातला काढून घेतो, असा बाप आपल्यातही आहे. त्याने केरळ उच्च न्यायालयाचा १९ सप्टेंबर २०१९ चा निकाल अवश्य वाचावा. एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना सायंकाळी ६ ते १० मोबाईल वापरण्यास बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानण्यास नकार दिला, तिला वसतिगृहातून काढण्यात आले, आणि ती न्यायालयात गेली. फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. न्यायालयाने म्हटले की, इंटरनेट मिळण्याचा अधिकार हा शिक्षणाच्या अधिकाराचा व खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, आणि तिला वसतिगृहात परत घेण्यास सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकारातच अंतर्भूत आहे असे सांगितले. ते प्रकरण दिव्यांगांच्या व आम्लहल्ल्यातील पीडितांच्या अडचणीचे होते. परंतु त्यातील तत्त्व वर्गाच्या दारापाशी येऊन थांबेल असे मला वाटत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आल्यापासून आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. प्रश्न टाकला की यंत्र पानभर उत्तर लिहून देते, विद्यार्थी ते सादर करतो, आणि प्राध्यापक गुण देतो. कोणीच काही वाचलेले नसते! अमेरिकेत न्यू यॉर्क येथे दोन वकिलांनी अशा यंत्राकडून निवाड्यांचे दाखले घेतले व ते न्यायालयात दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलर दंड केला. हे कायद्याची पदवी घेतलेले, अनुभवी वकील होते. यंत्र चालविता येणे आणि यंत्राचे म्हणणे पारखता येणे यांत किती अंतर आहे, हे त्या दंडाने जगाला दाखविले. यावर बंदी घालून भागणार नाही, आणि केवळ साम्य मोजणाऱ्या दुसऱ्या यंत्रातून टक्का काढून आणल्यानेही भागणार नाही. शिक्षकाने यंत्राचे उत्तरच वर्गापुढे ठेवावे आणि सांगावे की, यातील प्रत्येक दाखला ई-एससीआरवर जाऊन तपासून आणा. जो खोटा निघेल त्याखाली लाल रेघ ओढा. असा वर्ग ज्याने एकदा पाहिला तो पुढे कोणत्याही यंत्राला सहजासहजी फसणार नाही. परंतु त्यासाठी शिक्षकाने स्वतः आधी ते करून पाहिलेले असले पाहिजे.

तुम्ही विचाराल की, आम्ही मजुरी करणारी, नोकरी करणारी माणसे. महाविद्यालयात जाऊन प्राध्यापकांना काय विचारणार? विचारावयाचे ते अगदी साधे आहे. सत्रात विद्यार्थ्याने किती लेखन केले आणि त्यातील किती लेखन शेरे लिहून परत मिळाले? ग्रंथालयातील संगणकावर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला बसू देतात का, आणि किती वाजेपर्यंत? मराठी टिपणे युनिकोडमध्ये आहेत का? ऑनलाइन पाठ घ्यावयास लावले असतील तर त्यांवरील शंका सोडविण्यासाठी कोण प्राध्यापक नेमला आहे? या प्रश्नांना उत्तर देता येत नसेल तर पडद्याच्या किमतीची चर्चा करू नये. विद्यापीठ अधिनियमाने प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती ठेवली आहे आणि विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला व सचिवाला तिच्यात जागा दिली आहे; तुमच्या मुलांना हे प्रश्न त्यांच्यामार्फत समितीपुढे लेखी ठेवता येतात. वर्षअखेरीस जो अभिप्रायाचा तक्ता भरून घेतात, त्यात सगळीकडे ‘उत्तम’ अशी खूण करून मोकळे होण्याची सवय त्यांनी सोडावी. प्राध्यापक रागावतील ही भीती खरी आहे, म्हणून एकट्याने भरू नये. दहा-पंधरा जणांनी मिळून एकच म्हणणे लिहावे.

तेवढ्याने उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. विद्यापीठाला तो लागू आहे. शासनाच्या भरीव अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयांनाही तो लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये डी.ए.व्ही. महाविद्यालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, एका वेळी एकाच विषयावर व थोडक्यात लिहावा. व्यक्तींची नावे मागू नयेत, संख्या मागाव्यात: गेल्या दोन वर्षांत किती प्राध्यापकांनी डिजिटल अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, विद्यार्थ्यांसाठी चालू स्थितीत किती संगणक आहेत, किती पदे रिकामी आहेत. शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत यावयास हवे. न आल्यास त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढील ३० दिवसांत पहिले अपील करावे, आणि अर्जाची पोच घेतलेली प्रत घरी जपून ठेवावी.